उलट्या फेरीतली नऊपट

बकुळ लेलेला नऊपट दिसली होती, आणि बकुळखेरीज ती कुणालाच दिसत नव्हती. भुताखेताच्या बाबतीत असं झालं तर लोक डोळे विस्फारून ऐकून घेतात. पदार्थविज्ञानात असं झालं तर आधी माना हलवतात, मग एकमेकांकडे बघतात आणि शेवटी तुमच्याकडे बघणंच सोडून देतात.

नऊपट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. पितळी घंटेवर हलकी टिचकी मारली की ती आपला एक सूर काढते. जोरात हाणली तर त्या सुरावर चढलेले आणखी बारीक, उंच सूरही ऐकू येतात. क्रिस्टलचंही तसंच आहे. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश त्याच्यावर हळुवार सोडला तर तो आला तसा पलीकडे निघून जातो. पण तोच प्रकाश लेसरने अतिशय छोट्या, कल्पनाही करवणार नाही इतक्या छोट्या स्पंदात कोंबून हाणला, तर क्रिस्टलच्या आतले इलेक्ट्रॉन असे काही हेलपाटतात की पलीकडून मूळ प्रकाशाच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचा प्रकाश बाहेर पडतो. वायूंमध्ये हे पुष्कळ आधी जमलेलं होतं. घन पदार्थात करायचं म्हणजे पंचाईत अशी, की जरा कमी हाणलं तर काही निघत नाही आणि जरा जास्त हाणलं तर क्रिस्टलच जळून जातो. या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत पाय रोवायला बकुळला तीन वर्षं लागली होती.

क्रिस्टल त्यांच्याच विभागात वाढवलेला होता, चिमूटभर क्रोमियम घालून. असे मोजके तुकडे निघाले, त्यातला आता एकच शिल्लक होता. बाकीचे जळले. तिप्पट आणि पाचपट तर या क्रिस्टलमधून कुणालाही काढता यायची. सातपट काढायला बैठक लागायची. नऊपट मात्र फक्त एका ठरावीक कोनात निघायची. क्रिस्टल एका फिरत्या चकतीत बसवलेला, ती फिरवायच्या नॉबवर अंशांच्या खुणा. खूण तीसवर आणायची, कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवायचा, आणि मग पडद्यावर अतिनीलच्या टोकाला एक किरटी रेघ उठायची. कोन जरा इकडेतिकडे झाला की कॅमेऱ्याच्या खरखरीत ती रेघ बुडून जायची.

बकुळने ती रेघ पाहिली तेव्हा तिने प्रयोगशाळेत उडी मारली होती. त्यानंतर कितीदा तरी पाहिली. मग त्यांच्या गाइड, नागपूरहून बनारसला येऊन स्थायिक झालेल्या अंबिका मॅडम, म्हणाल्या की आता हे अनिमेषला करू दे. दुसऱ्या हाताने आलं की मगच आलं म्हणायचं.

अनिमेष हा बकुळचा सहकारी. बंगाली टोला मोहल्ल्यातला, जन्माने बनारसी, तोंडात कायम पान. प्रयोगशाळेच्या दारात ते थुंकून, गुळण्या करून आत यायचा आणि मग मात्र घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या निगुतीने काम करायचा. बकुळने त्याला सगळं सांगितलं. त्याने सगळं केलं. नऊपट आली नाही. परत केलं. आली नाही. बकुळने खुर्चीवर बसून स्वतः केलं, आली. अनिमेष बसला, गेली.

"बकुल जी, आपसे डरती नहीं है, मुझसे डरती है," तो म्हणाला. बकुळ हसली नाही.

हसण्यासारखं काही नव्हतंच. हा लेसर विद्यापीठाच्या मालकीचा नव्हता. एका राष्ट्रीय योजनेतून ठरावीक मुदतीसाठी आलेला होता आणि दक्षिणेतली एक मोठी संस्था त्याच्यावर डोळा ठेवून बसली होती. मुदत वाढवायची की लेसर उचलायचा, हे ठरवायला दिल्लीहून डॉ. विश्वजीत नावाचे परीक्षक गुरुवारी येणार होते. मॅडमनी मोठ्या उत्साहाने त्यांना नऊपटीबद्दल आधीच कळवून ठेवलं होतं. आता ती फक्त एकाच मुलीच्या हातून निघते, हे सांगायची वेळ आली होती.

"बकुळ, माझं ऐक," मॅडम म्हणाल्या. "आपण दावा मागे घेऊ. सातपट दाखवू. थोडी नाचक्की होईल, पण खोटं ठरण्यापेक्षा ते बरं."

"मॅडम, मी खोटं बोलत नाहीये."

"अगं, खोटं बोलतेस असं कोण म्हणतंय? पण तुझ्या हाताने येतं आणि त्याच्या हाताने येत नाही, याला आपण विज्ञान म्हणत नाही ना."

बकुळला राग आला, आणि राग आला की ती हट्टाला पेटायची. तिने ठरवलं की अनिमेष काय वेगळं करतो ते शोधायचंच. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यामागे स्टूल टाकून बसली. काही चुकलं तर आपला हात पुढे जाईल म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. असं कुणी मागे बसलेलं असलं की माणसाला काम सुचत नाही. पण अनिमेष सोशिक होता. आरसे तेच, भिंगं तीच, लेसरचा जोर तोच. कॅमेरा उघडा ठेवायची वेळ तीच. बकुळ डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि तिला काही म्हणजे काही वेगळं दिसत नव्हतं.

सकाळ जुळवाजुळवीत गेली. दुपारी कोन लावताना अनिमेषच्या हातून चकती तीसच्या पुढे गेली. पस्तीसला पोचली. त्याने सहज, आपण सगळे फिरवतो तशी, ती मागे फिरवून तीसवर आणली.

"अरे! अपसव्य काय फिरवतोस!" बकुळ स्टुलावरून उठलीच.

अनिमेष दचकला. "का हुआ?"

आपल्याच तोंडून निघालेला शब्द बकुळ ऐकत उभी राहिली.

हा शब्द तिच्या घरचा होता. दूधविनायकाच्या गल्लीत लेल्यांच्या पिढ्या गेल्या. वडील, नीलकंठशास्त्री, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदानं, अस्थिविसर्जनं करत. देवाची फेरी उजवीकडून, सव्य. पितरांची उलटी, अपसव्य. मणिकर्णिकेवर चितेभोवती फिरायचं तेही उलटं. ज्या घरात हे शब्द मीठ-साखरेसारखे रोजच्या वापरातले असतात, तिथल्या लहान मुलीने पुरणयंत्राचा दांडा उलटा फिरवला की आईची चापट बसते. "अपसव्य नाही फिरवायचं, कोणी मेलंय का घरात?" बकुळला अशा पुष्कळ चापट्या बसल्या होत्या. पुढे त्यांची गरज उरली नाही. डब्याची झाकणं आणि नळाच्या तोट्या उलट्या फिरवाव्याच लागतात, तेवढ्या ती फिरवायची. बाकी जे जे दोन्हीकडे फिरू शकतं ते तिचा हात एकाच बाजूला फिरवायचा. चकती तीसच्या पुढे गेली तर ती मागे घेत नसे. अख्खी फेरी पूर्ण करून, पुन्हा शून्यावरून, सव्यानेच तीसवर येत असे. आपण असं करतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते ती अनिमेषला सांगणार कुठून?

"अनिमेष, पीछे मत घुमाओ. रुको. कुछ मत करो."

तिने लेसर बंद करवला. चकतीला एक इवलासा आरसा चिकटवला आणि त्याच्यावर व्याख्यानात वापरतात ती साधी लाल किरणाची कांडी धरली. भिंतीवर लाल ठिपका पडला. चकती उजवीकडून तीसवर आणली आणि ठिपक्याच्या जागी पेन्सिलीने फुली केली. मग तिने अनिमेषला चकती पुढे नेऊन मागे फिरवत तीसवर आणायला सांगितलं. खूण तीसवरच होती. ठिपका मात्र फुलीपासून वीतभर लांब पडला होता.

अनिमेषने शीळ घातली. चकतीच्या आतले दाते झिजलेले होते. दिशा बदलली की नॉब फिरायचा, आकडा बदलायचा, पण आतला क्रिस्टल काही काळ जागचा हलायचाच नाही. त्यांनी मोजलं. तीन अंशांचा ढिलेपणा भरला. उलट्या बाजूने तीसवर आलं की क्रिस्टल प्रत्यक्षात तेहतीसवर असायचा, आणि तेहतीसवर नऊपट नव्हती. अनिमेष दर वेळी थोडा पुढे जाऊन मागे यायचा. तो बिचारा सगळं बरोबर करत होता.

बकुळचा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं, शाबासकी दिली आणि मग चष्मा काढून पुसायला लागल्या. मॅडम चष्मा पुसायला लागल्या की काहीतरी अवघड येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणजे तुझी एकूण एक मोजणी एकाच बाजूने झालेली आहे."

"हो."

"दाता झिजलाय म्हणतेस. मग कशावरून त्या दात्यावर चकती किंचित कलत नसेल? लेसरची कड धातूला घासत असेल, तिची चमक कॅमेऱ्यात जात असेल आणि तिलाच तू नऊपट म्हणत असशील?"

बकुळच्या तोंडचं पाणी पळालं, कारण हे शक्य होतं. याचं उत्तर द्यायचा एकच मार्ग होता. हात तोच ठेवायचा, बाकी सगळं तेच ठेवायचं आणि फक्त दिशा बदलायची. रेघ खरोखर क्रिस्टलची असेल तर उलट्या फेरीत ती तीन अंश सरकून सत्तावीसच्या खुणेवर उठली पाहिजे. दात्याची करामत असेल तर सत्तावीसला काहीच दिसणार नाही.

"पण क्रिस्टलवर न जळलेली जागा एवढीशीच उरलीय," मॅडम म्हणाल्या. "एक फेरी निघेल, फार तर. ती गुरुवारी परीक्षकांसमोर करायची आहे. अनिमेषला सव्याने फिरवू दे. दुसऱ्या हाताने नऊपट दिसेल, ते खूश होतील. तुझी शंका नवा क्रिस्टल वाढला की निवांत फेडू."

"शंका आज आलीय, मॅडम. ती खिशात ठेवून मी त्यांना रेघ कशी दाखवू?"

"आणि सत्तावीसला नाही आली तर? त्यांच्यासमोर?"

"तर नाही आली," ती म्हणाली. "गुरुवारी उलटी फेरी करू. मी करीन."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "हट्टी आहेस," त्या म्हणाल्या आणि चष्मा परत घातला. मॅडमच्या बाबतीत हाच होकार असायचा.

घरी नीलकंठशास्त्री नुकतेच शिंदे घाटावरून आले होते आणि चहाची वाट बघत होते. जळगावकडच्या एका कुटुंबाचं काम होतं, घसा बसला होता. बकुळने चहा दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"गुरुवारी मला सांगावं लागेल बाबा, की मी मशीन एकाच बाजूला फिरवत होते. आणि का फिरवत होते ते पण."

"का ते कशाला?" शास्त्रीबुवांनी कप खाली ठेवला. "दाते घिसलेले होते, बस. बात खतम. लोक हसतील, म्हणतील भटाची पोर लेसरला प्रदक्षिणा घालते."

"हसू देत. दुसऱ्या कोणाकडून हीच गलती व्हायला नको, तर कारण सांगायला हवं ना."

"आणि आमच्या कामाची खिल्ली उडाली म्हणजे?"

"तुमची कशाला उडेल? तुम्ही दोन्हीकडून फिरता. सव्य पण करता, अपसव्य पण करता. एकीकडून फिरत राहिले ती मी."

शास्त्रीबुवांनी कप पुन्हा उचलला. त्यांनी चहा संपवला.

"तुझ्या आईच्या वेळी फिरली होतीस तू उलटी," ते म्हणाले. "मी मंत्र म्हणत होतो, पण बघत होतो. हात नव्हता थरथरला तुझा."

"थरथरला होता," बकुळ म्हणाली. "मडकं जड होतं म्हणून तुम्हाला दिसला नाही."

ती एकुलती एक. घाटावर चार लोकांनी नाकं मुरडली तरी वडिलांनी अग्नी तिलाच द्यायला लावला होता. आई गेल्याचं दुःख तिला त्या दिवशी फेऱ्यांमध्येच कळलं होतं, त्याआधी नाही. उलटं चालायला लागल्यावर कळलं, की आता हे परत फिरणारं नाही. एवढी वर्षं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. कप उचलला आणि विसळायला आत गेली.

गुरुवारी डॉ. विश्वजीत आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे गृहस्थ. बकुळने त्यांना हिंदीत सगळं सांगितलं, झिजलेल्या दात्यांपासून पुरणयंत्रापर्यंत. पुरणयंत्राशी ते हसले. ती थांबली, त्यांचं हसून होऊ दिलं आणि पुढे बोलली. सत्तावीसवर रेघ येईल असं आमचं म्हणणं आहे, आली नाही तर आजवरची सगळी नऊपट मी मागे घेईन, आणि हे मी अजून एकदाही करून बघितलेलं नाही, असंही तिने सांगितलं. शेवटच्या वाक्याला त्यांच्या चेहऱ्यावर उरलेलं हसूही गेलं.

सगळ्यांनी डोळ्यांवर रंगीत चष्मे चढवले. बकुळने नॉबला हात लावला. चकती आधीच पुढे, छत्तीसवर नेऊन ठेवलेली होती. आता मागे यायचं होतं.

हात पुढे जाईना. इतका साधा नॉब, दोन बोटांत मावणारा, आणि तिच्या मनगटात जणू कुणीतरी खीळ ठोकली होती. आपल्याला इतकी भीती वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. रेघ येणार नाही याची ती भीती नव्हती. ही फार जुनी होती. तिने दात आवळले आणि नॉब उलटा फिरवला.

तेहतीस. कॅमेरा उघडा, थांबा, पडदा. सपाट खरखर. तीस. आजवर रेघ याच आकड्यावर उठायची. पडदा सपाट. एकोणतीस, काही नाही. अठ्ठावीसला खरखरीत कुठेतरी किंचित उंचवटा आल्यासारखा वाटला, पण वाटण्यावर बकुळचा आता विश्वास नव्हता. तिने सत्तावीस केलं.

कॅमेरा उघडा राहिला. मग पडद्यावर रेघ उठली. सरळ, बारीक, अतिनीलच्या टोकाला, जिथे असायला हवी अगदी तिथे.

"आली!" मॅडम मराठीतच ओरडल्या. "बकुळ, थांब आता. पुरे. जागा जळेल."

"उतरताना पण दिसायला हवी, मॅडम."

"अगं, आली ना!"

"नुसती चढली तर चमकही असू शकते. उतरली तरच शिखर म्हणता येईल." तिचा आवाज तिला स्वतःला ओळखू येईना, इतका शांत होता. हात आता थरथरत होता, पण फिरत होता. सव्वीस. रेघ खुजी झाली. पंचवीस. जवळजवळ बुडाली. चोवीसला कॅमेरा उघडला आणि त्याच क्षणी क्रिस्टलमध्ये एक पांढरी ठिणगी चमकली. पडदा काळा पडला. शेवटचा तुकडा जळाला होता.

पंख्याचा आवाज येत होता. मॅडम काळ्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांना आनंद झालाय की वाईट वाटतंय हे त्यांनाच कळत नसावं.

डॉ. विश्वजीतनी चष्मा वर सरकवला. ते बकुळकडे वळले नाहीत, अनिमेषकडे वळले.

"आपने इसे इतनी बार करके देखा, नहीं मिला. आज आपने क्या देखा?"

अनिमेषच्या तोंडात आज पान नव्हतं. तो सावकाश बोलला. "तीस पे नहीं थी, सर. सत्ताईस पे चढ़ी, छब्बीस पे गिरी, पच्चीस पे डूब गई. मैंने अपनी आँख से देखा."

"मैंने भी," डॉ. विश्वजीत म्हणाले. मग मॅडमना विचारलं, "नया क्रिस्टल उगाने में कितना वक्त लगेगा? लेज़र तब तक यहीं रहेगा. लेकिन यह चकती बदलिए, भगवान के लिए."

मॅडम आणि ते बाहेर गेले. बकुळ स्टुलावर बसली आणि रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक ओढत. अनिमेष गडबडला. क्रिस्टल फिर बन जाएगा, असं काहीतरी तो म्हणाला.

"क्रिस्टल के लिए नहीं रो रही," बकुळ म्हणाली. "फिर से बोलो ना. तुमने क्या देखा?"

आणि अनिमेषने तिला परत सगळं सांगितलं, तीसपासून.